‘पिक अप’ वापरताना: कर्म बघा, ‘अप’ सांभाळा

पुण्यात ‘पिकअप’ हा शब्द इंग्रजी न शिकलेला माणूसही बिनदिक्कत वापरतो. हिंजवडीला रात्रपाळी करणारा ‘माझा पिकअप साडेआठचा आहे’ म्हणून घाईघाईत जेवतो, गॅरेजमध्ये ‘गाडीला पिकअपच राहिला नाही’ अशी तक्रार होते आणि पहाटे मार्केट यार्डात भाजी घेऊन येते तीही पिकअपच. शब्द एवढा ओळखीचा, तरी इंग्रजीत बोलायची वेळ आली की तिथेच अडखळायला होतं. ‘आय विल पिक यू फ्रॉम स्टेशन’, ‘ही इज नॉट पिकिंग माय कॉल’, ‘प्लीज पिक अप इट’ ही वाक्यं रोज कानावर पडतात आणि तिन्हींत काही ना काही चुकलेलं असतं. आपल्याला त्यातलं नाम येतं. क्रियापद मात्र वेगळं शिकावं लागतं.

शब्दकोश उघडलात तर ‘पिक अप’चे दहा-पंधरा अर्थ ओळीने दिलेले दिसतील. ते पाठ करायला बसू नका, पाठ करून हे क्रियापद येत नाही. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला ‘लागणे’ कसं समजावून सांगाल? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, फोन लागतो, नाद लागतो, घाटात एखाद्याला गाडी लागते, आणि पत्ता सांगताना ‘पुढे उजव्या हाताला मारुतीचं देऊळ लागतं’. हे अर्थ आपण कधी मोजले नाहीत. काय लागलं ते ऐकलं की अर्थ आपोआप उमगतो. ‘पिक अप’चंही तसंच आहे, फक्त इथे कर्त्यापेक्षा कर्माकडे बघायचं. पिशवी असेल तर उचलणे, माणूस असेल तर घ्यायला जाणे, भाषा असेल तर कानावर पडून शिकणे, बिल असेल तर पैसे देणे. आणि कर्मच नसेल तर बहुतेक वेळा जोर धरणे, सुधारणे किंवा फोन उचलणे. वाक्य ऐकताना आणि बनवताना पहिला प्रश्न हाच विचारा: काय ‘पिक अप’ केलं?

नुसतं ‘पिक’ आणि ‘पिक अप’

सगळ्यात जास्त चुका ‘अप’ गाळल्यामुळे होतात. आपल्याला ते शेपूट वाटतं, म्हणजे असलं तर असलं, नसलं तरी चालेल असं. पण ते काढलं की क्रियापदच बदलतं. ‘पिक’ म्हणजे निवडणे किंवा तोडणे, खुडणे. ‘पिक अप’ म्हणजे खालून वर घेणे, आणि त्यावरून पुढे आपल्याकडे घेणे, सोबत घेणे.

हा फरक अंगणातल्या फुलांवरून कायमचा डोक्यात बसतो. जास्वंद झाडावरून तोडायची असते: ‘पिक द हिबिस्कस’. प्राजक्त कोणी तोडत नाही. पहाटे त्याचा सडा पडतो आणि आपण तो वेचतो. खाली पडलेलं उचलायचं म्हणून तिथे ‘पिक अप द फ्लॉवर्स’. एखाद्या बागेत ‘डोन्ट पिक द फ्लॉवर्स’ अशी पाटी असेल तर ती फुलं तोडू नका म्हणते आहे, खाली पडलेल्या फुलांबद्दल काहीच म्हणत नाही.

आता ‘आय विल पिक यू’ ऐकून इंग्रजी माणसाला काय कळेल? ‘मी तुझी निवड करीन.’ क्रिकेटच्या संघासाठी ठीक आहे. स्टेशनवर घ्यायला येणार असाल तर ‘आय विल पिक यू अप’ असंच म्हणायला हवं.

उलट बाजूने, जिथे ‘अप’ नकोच अशा काही जागाही लक्षात ठेवा. भांडण उकरून काढणे म्हणजे ‘पिक अ फाइट’, तिथे ‘अप’ लावू नका. पीएमपी बसच्या गर्दीत खिसा मारला गेला तर ‘माय पॉकेट वॉज पिक्ट’. तांदूळ किंवा डाळ निवडायची असेल तर ‘पिक ओव्हर द राइस’, आणि त्यातले खडे काढायचे असतील तर ‘पिक आउट द स्टोन्स’. क्रियापद एकच, पण पाठीमागचा शब्द बदलला की काम बदलतं.

कर्म कुठे बसवायचं

मराठीत हा प्रश्नच येत नाही. ‘पिशवी उचल’, ‘ती उचल’. कर्म नाम असो की सर्वनाम, ते क्रियापदाच्या आधीच येतं. इंग्रजीत मात्र ‘पिक’ आणि ‘अप’ या दोघांच्या मध्ये एक मोकळी जागा असते आणि तिथे कोण बसू शकतं याचे नियम आहेत.

कर्म साधं, आखूड नाम असेल तर दोन्ही चालतं: ‘पिक अप द बॅग’ आणि ‘पिक द बॅग अप’. अर्थात काही फरक नाही, जीभ वळेल ते वापरा. माणसाच्या नावाचंही असंच: ‘पिक अप स्नेहा ॲट फाइव्ह’ किंवा ‘पिक स्नेहा अप ॲट फाइव्ह’.

कर्म सर्वनाम असेल, म्हणजे मी, यू, हिम, हर, इट, अस, देम यांपैकी काही, तर ते मध्येच बसलं पाहिजे. ‘पिक इट अप’, ‘पिक हर अप’, ‘पिक देम अप’. ‘पिक अप इट’ आणि ‘पिक अप हर’ ही इंग्रजी कानाला सरळ चुकीची वाटतात, त्यात सवलत नाही. कारण समजून घेतलं तर नियम घोकावा लागत नाही. इंग्रजी वाक्याचा भार शेवटी पडतो, आणि शेवटची जागा ठसठशीत शब्दाला मिळते. ‘इट’, ‘हर’ हे आधीच बोलून झालेल्या गोष्टीकडे बोट दाखवणारे हलके शब्द आहेत. त्यांच्यावर आघात पडत नाही, म्हणून ते मध्ये दबून बसतात आणि शेवटचा ठोका ‘अप’वर पडतो. ‘धिस’ आणि ‘दॅट’ हेही एकटे आले की सहसा मध्येच बसतात: ‘पिक दॅट अप’.

कर्म लांबलचक असेल तर उलट करा. ‘मी सोमवारी टाकलेले इस्त्रीचे कपडे घेऊन ये’ हे सांगताना ‘पिक अप द क्लोद्ज आय लेफ्ट फॉर आयर्निंग ऑन मंडे’ म्हणा. एवढं सगळं मध्ये कोंबून ‘अप’ शेवटी टाकलंत तर ऐकणारा ‘अप’ येईपर्यंत क्रियापद विसरून गेलेला असतो. ढोबळ मानाने, कर्म चार शब्दांपेक्षा लांब झालं की ‘पिक अप’ एकत्र ठेवा.

काही जोड्या मात्र घट्ट झालेल्या आहेत. ‘पिक अप स्पीड’ असंच म्हणतात, ‘पिक स्पीड अप’ कानाला खटकतं. उलट ‘स्वतःला सावरून उभं राहणे’ या अर्थाने ‘हरसेल्फ’, ‘हिमसेल्फ’ हे शब्द नेहमी मध्येच येतात: ‘शी फेल, पिक्ट हरसेल्फ अप अँड रॅन’. पडली, उठली आणि पळाली.

प्रश्न किंवा कर्मणी वाक्य झालं की ‘अप’ एकटं मागे उरतं, आणि नेमकं तेव्हाच ते तोंडातून निसटतं. ‘हू पिक्ट यू अप?’, ‘व्हॉट टाइम शुड आय पिक यू अप?’, ‘आय वॉज पिक्ट अप ॲट सिक्स.’ या वाक्यांत कर्म पुढे गेलेलं असलं किंवा वेळ नंतर आलेली असली, तरी ‘अप’ सोडायचं नाही.

उच्चार: पि-कि-टप

आपण ‘पिक’ आणि ‘अप’ असे दोन तुकडे करून बोलतो. इंग्रजी बोलणारे ते जोडतात, कारण ‘अप’ स्वराने सुरू होतो आणि आधीचं व्यंजन त्याला जाऊन चिकटतं. ‘पिक अप’चं होतं ‘पि-कप’. ‘पिक इट अप’चं होतं ‘पि-कि-टप’. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा एकच अनोळखी शब्द वाटतो. असं तीन तुकड्यांत पाच-सहा वेळा मोठ्याने म्हणून बघा. सर्वनामाची जागा पाठ करायचा हाच सगळ्यात सोपा उपाय आहे, कारण ‘पिक अप इट’ म्हणताना ती लय मोडते आणि चूक आपल्याच कानाला कळते.

भूतकाळात ‘पिकेड’ म्हणू नका. शेवटचा आवाज ‘ट’ आहे: ‘पिक्ट’. पुढे ‘अप’ आला की ‘पिक्-टप’.

आणखी एक खोड खास आपली आहे. मराठीत अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ असतो, म्हणून आपण ‘पीक’ लिहितो आणि तसंच म्हणतो. ‘यंदा पीक चांगलं आलं’ मधला तो लांब ‘पी’ इंग्रजीत नेलात तर शिखर किंवा चोरून बघणे असा वेगळाच शब्द होतो. इथला ‘पि’ आखूड आहे, ‘पिकाचा’मधल्यासारखा. ‘पिकाचा’ म्हणायला सुरुवात करा आणि ‘पिक’वर थांबा, बरोबर उच्चार होतो.

माणसाला घ्यायला जाणे

हा रोजचा उपयोग. कोणीतरी थांबलेलं आहे, तुम्ही जाता आणि त्याला सोबत घेऊन निघता. बहुतेक वेळा गाडी असते, पण शाळेतून मुलाला चालत आणणंही ‘पिक अप’च. विमानतळावर पाहुण्यांचं स्वागत करून त्यांच्याबरोबर टॅक्सीने येणार असाल तर ‘आय विल मीट यू ॲट द एअरपोर्ट’ जास्त बरोबर.

ठिकाणाआधी ‘फ्रॉम’ किंवा ‘ॲट’ दोन्ही चालतं. चूक होते ती ‘द’ची. साधं स्टेशन असेल तर ‘फ्रॉम द स्टेशन’, विमानतळ असेल तर ‘फ्रॉम द एअरपोर्ट’. विशेषनाम असेल तर ‘द’ नको: ‘फ्रॉम पुणे स्टेशन’, ‘फ्रॉम स्वारगेट’. मुलाच्या शाळेबद्दल बोलताना ‘फ्रॉम स्कूल’ एवढंच.

नेऊन सोडण्यासाठी ‘ड्रॉप ऑफ’. त्याचीही जागा तशीच: ‘आय विल ड्रॉप यू ऑफ’. इथे मात्र ‘ऑफ’ गाळून ‘आय विल ड्रॉप यू ॲट स्वारगेट’ म्हटलेलं इंग्रजीत चालतं. बहुधा त्यामुळेच आपण ‘पिक’चंही शेपूट तोडतो. ‘पिक अँड ड्रॉप’ ही जोडी आपल्याकडे सर्रास चालते, पण परदेशी सहकाऱ्याला लिहिताना ‘पिक-अप अँड ड्रॉप-ऑफ’ लिहा.

इथे एक इशारा मनापासून द्यावासा वाटतो. अनोळखी व्यक्तीला ‘पिक अप’ करणे म्हणजे तिला पटवणे, शरीरसंबंधाच्या हेतूने ओळख वाढवणे, असाही एक रूढ अर्थ आहे. ‘आय पिक्ट अप अ गर्ल ॲट एफसी रोड’ हे वाक्य निरागसपणे बोललं तरी ऐकणाऱ्याच्या मनात तोच अर्थ येतो. टाळायला सोपं आहे. नातं सांगा: ‘आय पिक्ट माय कझिन अप’. नातं नसेल, वाटेत कुणाला नुसतं सोडलं असेल, तर ‘आय गेव्ह हर अ लिफ्ट’ म्हणा.

पोलिसांच्या बाबतीत दोन्ही भाषांची प्रतिमा तंतोतंत जुळते. ‘पोलिसांनी त्याला उचललं’ म्हणजे ‘द पोलीस पिक्ट हिम अप’. दोन्हीकडे हे बोलीतलं आहे. अर्जात किंवा तक्रारीत लिहिताना ‘डिटेन्ड’ किंवा ‘अरेस्टेड’ यांतलं जे खरोखर घडलं असेल ते लिहा, कारण त्या दोघांत कायद्याने फरक आहे.

फोन

‘फोन उचलला नाही’चं शब्दशः भाषांतर करून ‘ही डिडन्ट लिफ्ट द फोन’ म्हणतात. बरोबर रूप ‘ही डिडन्ट पिक अप’. इथे कर्म बोलायचीसुद्धा गरज नाही. हवंच असेल तर ‘पिक अप द फोन’. ‘पिक माय कॉल’ आणि ‘पिक अप माय कॉल’ हे प्रयोग आपल्याकडे चालतात. इंग्लंड-अमेरिकेत ‘आन्सर माय कॉल’ किंवा ‘टेक माय कॉल’ म्हणतात. म्हणजे उचलायचा असतो तो फोन, कॉलला उत्तर द्यायचं असतं.

आणि ‘तिने फोन कट केला’ यासाठी ‘शी कट द फोन’ नाही, ‘शी हंग अप’. ‘पिक अप’ आणि ‘हँग अप’ ही जोडी जुन्या टेलिफोनमधून आली आहे. रिसीव्हर उचलायचा आणि बोलणं संपलं की अडकवून ठेवायचा. यंत्र गेलं, शब्द राहिले.

आपसूक मिळालेलं

‘पिक अप’चा सगळ्यात सुंदर उपयोग हा आहे, आणि मराठी माणूस तो फार कमी वापरतो. ठरवून, फी भरून, पुस्तक घेऊन नाही, तर वावरता वावरता जे अंगाला लागतं ते ‘पिक अप’. सोलापूरकडचा माणूस शेजाऱ्यांमुळे कन्नड बोलायला लागला: ‘ही पिक्ट अप कन्नडा फ्रॉम हिज नेबर्स’. मुलगी आजोळी राहून आली आणि तिथला हेल घेऊन आली: ‘शी पिक्ट अप द ॲक्सेंट’. मित्रांच्या संगतीने सिगारेटची सवय लागली: ‘ही पिक्ट अप द हॅबिट इन कॉलेज’.

म्हणूनच पदवीसाठी हे क्रियापद वापरायचं नाही. ‘आय पिक्ट अप इंजिनिअरिंग’ म्हटलं तर चार वर्षांचा अभ्यास रस्त्यात सापडल्यासारखा वाटतो. तिथे ‘आय स्टडीड इंजिनिअरिंग’. नोकरीच्या मुलाखतीत मात्र नेमक्या जागी ‘पिक अप’ शोभून दिसतं. ‘आय स्टडीड जावा इन कॉलेज अँड पिक्ट अप पायथॉन ॲट वर्क’ या एका वाक्यात कुठे शिकलात आणि कुठे स्वतःहून उचललंत, दोन्ही कळतं.

आजारही असाच आपसूक मिळतो. मराठीत ‘लागणे’वरूनच ‘लागण’ झाली. इंग्रजीत ‘आय पिक्ट अप ॲन इन्फेक्शन’. सर्दीसाठी ‘कॅच’ जास्त चालतं, पण प्रवासात कुठूनतरी काहीतरी घेऊन आलो असं सांगायचं असेल तर ‘पिक अप’ चपखल बसतं. मधुमेह, रक्तदाब अशा बाहेरून न येणाऱ्या आजारांना ते लागू नाही.

खरेदीतही ही सहजता असते. ‘येताना दूध घेऊन ये’ म्हणजे ‘पिक अप सम मिल्क ऑन युअर वे होम’. वाटेतलं, छोटं, फार विचार न करता घेतलेलं. तुळशीबागेत फिरता फिरता आवडलेली कानातली: ‘आय पिक्ट दीज अप इन तुळशीबाग’. पण लक्ष्मी रोडवर चार दुकानं पालथी घालून घेतलेली लग्नाची पैठणी कुणी ‘पिक अप’ करत नाही. तिच्यासाठी ‘बॉट’च हवं.

यंत्राने टिपणे, माणसाने टिपणे

रेडिओ, माइक, दुर्बीण यांनी लहर किंवा आवाज पकडणे हेही ‘पिक अप’. ऑनलाइन मीटिंगमध्ये पंख्याचा आवाज येत असेल तर ‘द माइक इज पिकिंग अप द फॅन’. पुणे जिल्ह्यात याचं सगळ्यात मोठं उदाहरण नारायणगावजवळ खोडदला उभं आहे. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या दूरच्या दीर्घिकांकडून आलेल्या रेडिओ लहरी टिपतात: ‘द डिशेस पिक अप रेडिओ वेव्ह्ज फ्रॉम डिस्टन्ट गॅलक्सीज’. त्या लहरी इतक्या क्षीण असतात की जवळपासच्या मोबाइलचा सिग्नलही त्यांना झाकून टाकतो. त्यासाठीही हेच क्रियापद: तबकडी नको तो सिग्नलसुद्धा ‘पिक अप’ करते. यंत्र निवड करत नाही, जे पोहोचतं ते घेतं. म्हणून इथे ‘पिक’ कधीच चालणार नाही.

माणसाने न बोललेलं ओळखलं तर ‘ऑन’ जोडा: ‘पिक अप ऑन’. ‘शी पिक्ट अप ऑन हिज हेझिटेशन’, त्याची चलबिचल तिने बरोबर टिपली. आणि इथे वरचा सर्वनामाचा नियम लागू होत नाही! ‘शी पिक्ट अप ऑन इट’ हेच बरोबर. ‘ऑन’ला त्याचं कर्म स्वतःच्या पुढे लागतं. ब्रिटिश इंग्रजीत ‘शी पिक्ट मी अप ऑन माय स्पेलिंग’ असं ऐकलंत तर गाडीने घ्यायला आली नव्हती, शुद्धलेखनातली चूक दाखवली. माणूस मध्ये, चूक ‘ऑन’नंतर.

कर्म नसेल तर

मराठीत ‘मागणीने उचल खाल्ली’ म्हणतो. इंग्रजीतही तीच उचल: ‘डिमांड हॅज पिक्ट अप’. धंदा, विक्री, मागणी, वाहतूक, वारा, वेग यांच्याबरोबर हे क्रियापद सहज बसतं. ‘सेल्स पिक अप बिफोर दिवाळी’, ‘द विंड पिक्ट अप’, ‘द रेन पिक्ट अप’ म्हणजे पावसाने जोर धरला. आजारी माणसाला बरं वाटायला लागलं तर ‘ही इज पिकिंग अप’.

जे नुसतं आकड्याने वाढतं त्याला हे लावू नका. ताप ‘गोज अप’, खडकवासल्याच्या पाण्याची पातळी ‘रायझेस’. ‘पिक अप’मध्ये आधी मरगळ किंवा मंद गती असते आणि मग जीव येतो. ताप वाढण्यात कुणाच्या जिवात जीव येत नाही.

ऑफिसात

आयटी कंपन्यांतल्या मीटिंगमध्ये तीन प्रयोग सारखे येतात. ‘आय विल पिक धिस अप’ म्हणजे हे काम मी अंगावर घेतो. ‘लेट्स पिक धिस अप टुमॉरो’ म्हणजे हा विषय उद्या पुढे घेऊ. ‘लेट्स पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ’ म्हणजे मागच्या वेळी जिथे थांबलो तिथून. पहिल्या दोन्हींचं मराठी ‘घेणे’ असलं तरी एकात जबाबदारी आहे आणि दुसऱ्यात फक्त वेळ. नाव लागलं आहे की नाही हे कळायचं असेल तर कर्ता बघा: ‘आय’ की ‘लेट्स’. मेलमध्ये ‘आय विल पिक अप धिस’ लिहिलेलं हमखास सापडतं. ‘धिस’ मध्ये घ्या.

जेवणानंतर ‘आय विल पिक अप द बिल’ म्हणजे बिल मी देतो. असं बोललात तर पैसे काढायची तयारी ठेवा, नुसता कागद उचलून दुसऱ्याकडे सरकवता येणार नाही. घरी ‘पिक अप आफ्टर युअरसेल्फ’ म्हणजे आपला पसारा आपण आवरणे.

औपचारिक पत्रात या सगळ्यांऐवजी एकेरी क्रियापदं शोभतात: वस्तू नेण्यासाठी ‘कलेक्ट’, फोनसाठी ‘आन्सर’, थांबलेलं पुन्हा सुरू करण्यासाठी ‘रिझ्यूम’. विद्यापीठाच्या सूचनेत ‘कलेक्ट युअर सर्टिफिकेट’ असतं. मैत्रिणीला सांगताना त्याचंच ‘आय हॅव टू पिक अप माय सर्टिफिकेट’ होतं.

नाम लिहिताना

क्रियापद दोन शब्दांत, नाम एका शब्दात किंवा मध्ये छोटी रेघ देऊन. ‘आय विल पिक यू अप’, पण ‘युअर पिकअप इज ॲट सिक्स’. बोलताना नामात जोर पहिल्या तुकड्यावर, ‘पिक’वर येतो. या गोंधळातून ‘पिकअप्ड’ असं एक रूप जन्माला आलेलं आहे. ते इंग्रजीत नाही. भूतकाळाची खूण ‘पिक’लाच लागते, ‘अप’ कधीही बदलत नाही.

गाडीच्या ‘पिकअप’साठी परदेशात ‘ॲक्सिलरेशन’ म्हणा, कारण तिथे नुसतं ‘पिकअप’ म्हटलं की मागे उघडा हौदा असलेली गाडी डोळ्यासमोर येते. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसवलेलं, कंपनांपासून विजेचा संकेत बनवणारं चुंबक-वेटोळंही पिकअपच. आणि ‘पिक-मी-अप’ म्हणजे मरगळ घालवणारं काहीतरी. पुण्यात दुपारी चार वाजता अमृततुल्यासमोर उभं राहिलं की त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

सराव

खालची वाक्यं कागदावर इंग्रजीत लिहा, उत्तर झाकून ठेवा. लिहिण्याआधी कर्म अधोरेखित करा. लिहून झालं की कर्माच्या जागी सर्वनाम घालून तेच वाक्य तीनदा मोठ्याने म्हणा.

आजीला डेक्कनवरून घेऊन ये. — ‘पिक आजी अप फ्रॉम डेक्कन.’ सर्वनाम घालून: ‘पिक हर अप फ्रॉम डेक्कन.’

तो ओला टॉवेल उचल. — ‘पिक अप दॅट वेट टॉवेल.’ सर्वनाम घालून: ‘पिक इट अप.’

तीनदा फोन केला, त्याने उचलला नाही. — ‘आय कॉल्ड हिम थ्री टाइम्स, बट ही डिडन्ट पिक अप.’ इथे कर्म नाही, त्यामुळे सर्वनामही नाही.

तू एवढं चांगलं कन्नड कुठे शिकलीस? बेळगावात राहून आलं. — उत्तरापुरतं: ‘आय पिक्ट इट अप व्हाइल लिव्हिंग इन बेळगाव.’ ‘लर्न्ट’ म्हटलं तरी चूक नाही, पण ‘राहून आलं’मधला सहजपणा ‘पिक्ट अप’मध्येच येतो.

संध्याकाळी वाऱ्याने जोर धरला. — ‘द विंड पिक्ट अप इन द ईव्हनिंग.’

माझ्या आवाजावरूनच तिने ओळखलं की काहीतरी बिनसलंय. — ‘समथिंग वॉज राँग, अँड शी पिक्ट अप ऑन इट फ्रॉम माय व्हॉइस.’ ‘पिक्ट इट अप ऑन’ लिहिलं असेल तर खोडा.

त्याने उगाच भांडण उकरून काढलं. — ‘ही पिक्ट अ फाइट फॉर नो रीझन.’ इथे ‘अप’ लिहिलं असेल तर जास्वंद आणि प्राजक्ताचा परिच्छेद पुन्हा वाचा.